गळ्याखालचा माणूस

हातोया या छापील चित्रांच्या दुकानाच्या मोहेइला लाज कुठे सापडली असती, तर त्याने तीही छापून विकली असती. आज त्याने दुकानापुढच्या दोरीवर हान्झाबुरो नटाचं मरणचित्र टांगलं होतं, आणि हान्झाबुरो अजून मेला नव्हता.

अशी चित्रं ओळखायला एदो शहरात कुणी कुणाला शिकवत नाही. अंगात फिकट निळे कपडे, हातात मयताला वाहायच्या शिकिमीची डहाळी आणि जपमाळ, म्हणजे नट गेला. अक्षरशत्रूसुद्धा एवढं बघून बाहीने डोळे पुसतो. दुकानापुढे बायकांची झुंबड उडाली होती. नट आजारी आहे एवढंच मोहेइच्या कानावर आलं होतं, बाकीचं त्याने स्वतःच उरकून टाकलं. शेजारच्या दुकानदाराने आधी छापलं तर काय घ्या!

तेवढ्यात एक डोली थांबली आणि भिंतीचा आधार घेत हान्झाबुरो उतरला.

"अगंबाई, भूत!"

"भूत कसलं मेलं, भुताला पाय नसतात, याला आहेत की."

"म्हणजे जिवंत आहे?" एक कोळीण चिडलीच. "मग सकाळपासून आम्ही रडलो ते काय फुकट?"

"थोडी कळ काढा, बायांनो," हान्झाबुरो म्हणाला. "वाया नाही जायचं."

त्याने दोरीवरचं चित्र ओढून काढलं. मोहेइ कमरेत वाकत, हात चोळत बाहेर आला.

"अहो राव, तुम्ही! मला कुणीतरी सांगितलं हो, की तुम्ही..."

"मारलंस त्याचं काही नाही. वैद्यही तेच म्हणतो, चेरी फुलायची मला दिसणार नाही. पण माझ्या गळ्याखाली हे पोट कुणाचं आहे?"

पोट तोमिजुरोचं होतं. त्या दुसऱ्या नटाचा जुना लाकडी ठसा मोहेइकडे पडून होता. त्यातलं डोकं त्याने कोरून काढलं, त्या भोकात हान्झाबुरोच्या डोक्याचा तुकडा ठोकून बसवला, कपड्यांना निळा रंग दिला, झालं मरणचित्र! डाव्या खांद्यावरचं घराण्याचं चिन्ह तेवढं बदललं होतं. उजव्या खांद्यावर तोमिजुरोच्या घराण्याचे आडवे-तिडवे दोन मुळे तसेच होते, आणि एदोत टाकाऊ नटाला मुळाच म्हणतात.

"धंद्यात चालतं, राव," मोहेइ म्हणाला. "नवा ठसा कोरायला वेळ लागतो. आणि माणसं काय, तोंड बघतात."

"तोंड! अरे गाढवा, मी जन्मभर अंगाने काम केलं. तोंडाला तर रंग फासलेला असतो."

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. हे चित्र घरोघरी कागदी पडद्यांवर चिकटवलं जाणार होतं. ज्या पोरांनी त्याला कधी पाहिलं नाही, ती उद्या बोट दाखवून म्हणणार होती, हा बघा हान्झाबुरो. आणि दाखवणार होती तोमिजुरोला, जो रंगमंचावर बसला की कुणीतरी तांदळाचं पोतं विसरून गेल्यासारखा वाटायचा. मरणाचं हान्झाबुरोला फारसं दुःख नव्हतं. याचं मात्र त्याला रडू येत होतं, आणि मोहेइसमोर तो रडणार नव्हता.

"चित्रकाराला बोलाव," तो म्हणाला.

मागच्या खोलीतून गेन्साइ आला. एरवी हा गडी नटांची चित्रं नटाकडे न बघताच काढायचा. हान्झाबुरो दुकानातल्या चटईच्या मधोमध बसला. वरचा डगला त्याने बाजूला टाकला, पाठ सरळ केली, एक तळवा गुडघ्यावर टेकला आणि मान सावकाश वळवून धरली. आजाराने अंग पार खाल्लं होतं, बरगड्या मोजाव्यात इतकं. पण तो बसला मात्र, आणि बाहेरच्या बायका एकदम गप्प झाल्या. कोळीण डोक्यावरची पाटी उतरवायची विसरली.

गेन्साइने पहिल्यांदाच मान वर करून नीट बघितलं आणि कुंचला टेकवला. हान्झाबुरोच्या कपाळावर घाम आला, खोकला आला. खोकला त्याने गिळला.

मोहेइला काय, आयतंच फावलं. नव्या चित्राला नवी गिऱ्हाइकं, आणि सकाळची गिऱ्हाइकंही पुन्हा येणार. गेन्साइच्या पाठीमागून वाकून त्याने चित्र पाहिलं. असं अंग त्याच्या दुकानात कधी कुणी काढलं नव्हतं, एवढं त्यालाही कळलं. तो चित्रकाराच्या कानाशी लागला.

"गळपट्टी जरा उंच घे. पुढे ठशातलं डोकं सहज काढता आलं पाहिजे. तोमिजुरोचीही तब्येत हल्ली बरी नसते म्हणे."

कुजबुज त्याने आपल्या मते हळूच केली होती. पण बायका चिडीचूप होत्या, त्यामुळे साऱ्या दुकानाला ऐकू गेली. गेन्साइचा कुंचला थांबला.

हान्झाबुरोने मान तसूभरही हलवली नाही.

"खुशाल बसव त्याचं डोकं," तो मोहेइला म्हणाला. "पण त्या मुळ्याला हे अंग कागदावरसुद्धा पेलायचं नाही. काढ रे तू."