आज वास नाय

फियाटने दोन हिसके दिले आणि ती पुन्हा बंद पडली. किन्हवली सोडल्यापासून हेच चाललं होतं. पंढरीने ती उतारावर घरंगळू दिली आणि करंजाच्या सावलीत कडेला घेतली.

मागच्या सीटवर दिपिका आडवी होती. डोकं सासूच्या, रखमीच्या मांडीवर, पायांखाली गोधडीची घडी. आठवा महिना, आणि सकाळपासून अंगावरून रक्त जात होतं. आधीचं एक सहाव्यातच गेलं होतं. त्याचा विषय घरात कुणी काढत नसे.

"हंडा उचलू नको बोलले होते ना?" रखमीचं तोंड निघाल्यापासून सुरू होतं. "पन ही ऐकल तर ना. आमी काय, येडी मान्सा!"

"आये, गप बस जरा," पंढरी बॉनेट उघडत म्हणाला.

त्याने प्लगच्या वायरी हलवून बघितल्या. पॉइंटवर घासकागद फिरवला. ऊन मरणाचं होतं, म्हणून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवलं. प्यायचं पाणी त्यातच संपलं. नळी सोडवून तोंडाने ओढली, तर पेट्रोल थेंब थेंब येत होतं. टाकी तर काल संध्याकाळीच शहापूरला भरली होती. कालपर्यंत गाडीची काही तक्रार नव्हती.

जरा वेळ थांबलं की गाडी पुन्हा सुरू व्हायची, थोडं जायची, परत तेच. गाडीला थांबून बरं वाटत होतं. दिपिकाला थांबून चालणार नव्हतं. आणि रस्त्याला दुसरं वाहन नाही. गावातल्या दोन्ही जीपा वऱ्हाड घेऊन मुरबाडकडे गेलेल्या.

"अवो..." आतून दिपिकाचा आवाज आला. अगदी बारीक.

तो धावत खिडकीशी गेला. "काय गो? दुखतंय?"

"नाय. आज वास नाय आला."

"कसला वास?"

"पेट्रोलचा. गाडीत बसले का मळमळतं ना मला? आज कायच नाय."

"बरळाया लागली," रखमी म्हणाली. "पंढरी, लवकर कर रे बाबा."

पंढरी परत बॉनेटकडे वळला आणि मध्येच थांबला. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, गाडी उन्हात तापलेली, आणि वास नाही? तो मागे गेला. टाकीवरची पत्र्याची झडप त्याने उघडली.

झाकण दिसतच नव्हतं. त्यावर खताच्या गोणीतलं जाड प्लास्टिक होतं, प्लास्टिकवर फडकं, आणि खालून सगळं सुतळीने करकचून आवळलेलं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, अगदी तसं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते पार बुजलं होतं. इंजिन पेट्रोल ओढत होतं आणि त्या जागी टाकीत हवा शिरत नव्हती. हवा नाही, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं.

त्याने ते सगळं गाठीसकट उपसून काढलं आणि झाकण फिरवलं. खोल बुडून वर आलेल्या माणसासारखी टाकीने हवा आत ओढली.

"कुनी केला ह्यो उद्योग?" त्याने ते फडकं खिडकीतून आत दाखवलं.

रखमीचं तोंड एकदम बंद झालं. दिपिकाच्या कपाळावरचा तिचा हात तसाच राहिला. मांडीवर डोकं ठेवलेल्या दिपिकाला खालून सासूची हनुवटी दिसत होती. ती थरथरत होती.

"मी," दिपिका म्हणाली. "गाडी खिडकीखाली लावता ना तुमी. रातचा वास आत येतो. सोसत नव्हता."

पंढरीने नळी परत जोडली, बॉनेट आपटून लावलं. फडकं खिशात कोंबलं आणि गाडी सुरू केली.

पंढरीचे कान इंजिनाकडे लागले होते. सापगावचा पूल आला, गेला. चढ आला. गाडी बंद पडली नाही.

दवाखान्यात दिपिकाला आत नेलं आणि दार लागलं. मायलेक बाकड्यावर बसून राहिले. पायाशी आलेलं ऊन सरकत समोरच्या भिंतीवर गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"रक्त थांबलंय. बाळाचे ठोके चांगले आहेत. पण आणखी उशीर झाला असता, तर माझ्या हातात काही नव्हतं."

पंढरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. मग रडू ओसरलं आणि त्या जागी राग आला. त्याने खिशातून फडकं काढून मुठीत आवळलं.

"बघ तिची अक्कल. सोताच्या हातानी सोताच्या पोराच्या जीवावर... घरी येऊ दे, बघतोच तिला."

"तिला एक शब्द बोलायचा नाय," रखमी म्हणाली.

"का? तीच बोलली ना, मी बांधला म्हनून!"

रखमीने त्याच्या मुठीतून फडकं ओढून घेतलं. गाठ अजून तशीच होती. तिच्यावरून तिने अंगठा फिरवला.

"काल रातभर ओकत व्हती पोर. मला बघवला नाय," ती म्हणाली. मग नाक पुसून नेहमीच्याच खणखणीत आवाजात पुढे बोलली, "आनि तिला कुठं येतो दादरा बांधाया? गेल्या साली बरनीभर लोनचा नासवला तिनं. तिची गाठ अशी बसते काय रे?"