पसरणीच्या चढावर

मिरजेला हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले आणि चिंतामणरावांनी आपली रेसिंग सायकल बाहेर काढून वाईहून थेट पसरणी घाट गाठला. वीस वर्षांत त्यांनी या घाटात एकदाही पाय जमिनीला टेकवला नव्हता. आईने पाठवलं म्हणून त्यांची मुलगी मयूरी स्वतःच्या सायकलवर त्यांच्या मागोमाग होती.

अर्ध्या घाटात त्यांची सायकल हेलकावे खायला लागली. सगळ्यात हलका गिअर टाकला, तरी पेडल फिरेना.

“बाबा, पाच मिनिटं थांबू या ना.”

“तू थांब. मी वर भेटतो.”

“अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टर कधी चढलेत हा घाट?” एवढं बोलायलाही त्यांना दोनदा दम घ्यावा लागला.

मयूरीने बरोबरीला येऊन पाहिलं. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. हात धरून थांबवावं तर दोघंही पडले असते, आणि तिच्या रडण्याने थांबणाऱ्यातले ते नव्हते. ती जोर लावून त्यांच्या पुढे गेली, हँडल मुद्दाम कडेच्या खडीत वळवलं आणि सायकलसकट स्वतःला पाडून घेतलं.

चिंतामणराव तिथेच उतरले, सायकल टाकून तिच्याजवळ आले आणि तिच्या फुटलेल्या गुडघ्यावर रुमाल बांधू लागले.

“एवढ्याशा चढाला दमलीस?”



“हो बाबा,” मयूरी म्हणाली, “माझ्याच्याने नाही होत, मला घरी घेऊन चला.”