एलेनाचा नवरा

"बेल वाजली तरी दार उघडू नकोस. आणि हा इथे आहे हे कुणालाही सांगू नकोस," एलेनानं सुलेखाला बजावलं. नवऱ्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, बॅग उचलली आणि ती लिफ्टकडे गेली.

टोकियोच्या कोतो भागातल्या त्या इमारतीत दोन्ही कुटुंबं शेजारी राहायची. एलेनाचा नवरा तोमास हा वर्तमानपत्राचा संपादक. लष्कराविरुद्ध लिहिलं म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याला देश सोडावा लागला होता. एलेना तिकडे न्यायाधीश होती. इथे ती सुलेखाबरोबर बेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या, कारखान्यात डबे भरायची. सोमवारी त्यांच्या देशात लष्करानं सत्ता बळकावली. मंगळवारी एलेनाची आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला.

"तिला एकटीला कशाला जाऊ दिलंत?" सुलेखानं विचारलं.

"त्यांना मी हवाय," तोमास म्हणाला. "तिला कोण हात लावणार?"

सुलेखानं त्याला मुलीची, नुपूरची खोली दिली. तिचा नवरा शशांक ऑफिसच्या कामासाठी नागोयाला होता. त्यालाही तिनं काही कळू दिलं नाही. नुपूरला सांगितलं, अंकलना बरं नाहीये.

"दाइजोबु? बरं वाटतंय ना?" नुपूरनं दारातूनच विचारलं. तोमासनं मान हलवली.

तो पडदा उघडू द्यायचा नाही. ताटातला वरणभात तसाच राहायचा. लिफ्ट मजल्यावर थांबली की त्याचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. बघता बघता ती भीती सुलेखालाही लागली. कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात दूध आणायला गेली तरी ती दोनदा मागे वळून पाहायची.

गुरुवारी बातमी आली. लष्कर एका नागरी व्यक्तीला हंगामी राष्ट्राध्यक्ष नेमणार होतं. नाव गुप्त होतं, शपथविधी शनिवारी.

"असेल कुणीतरी बाहुलं," तोमास म्हणाला. "पहिली सही माझ्या अटकेच्या हुकमावर होईल."

एलेनाचा फोन बंदच होता. त्या काळजीनं तो आणखी खचला.

शुक्रवारी दुपारी सुलेखाचा मोबाइल वाजला.

"तोमास तुझ्याकडेच आहे ना?" एलेना होती. मागे बऱ्याच माणसांचे आवाज येत होते.

"हो, नुपूरच्या खोलीत. तू कशी आहेस? आई?"

"सगळं ठीक आहे. त्याला बाहेर जाऊ देऊ नकोस." फोन बंद झाला.

सुलेखानं निरोप दिला तेव्हा तोमास तोंड झाकून रडला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. सुलेखा जागची हलली नाही. पुन्हा वाजली. इंटरकॉमच्या पडद्यावर सुटातले दोघे दिसत होते.

"आम्ही वकिलातीतून आलोय. तोमास यांना घेऊन जायचंय."

"इथे कुणी नाही." तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"बाई, ते तुमच्या मुलीच्या खोलीत आहेत," तो माणूस शांतपणे म्हणाला. "काल फोनवर तुम्हीच सांगितलंत राष्ट्राध्यक्षांना."