सात जरबेरा

“आठ बांधली होती तिने. मी म्हटलं, अगं पोरी, मी काय मयताला चाललोय? एक काढ. तर माझ्याच तोंडाकडे बघत बसली.”

झेल्योने पिवळ्या जरबेरांचा गुच्छ मांडीवर सरळ केला. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या डोन्काला हसू आलं. सोफियाच्या विमानतळावर पहाटेपासून बसून तिचं डोकं फिरलं होतं, तरी आलं.

“जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम. हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं,” ती म्हणाली. “आजकालच्या पोरींना फुलांच्या दुकानात उभं करतात आणि एवढंही शिकवत नाहीत.”

“आता सात आहेत.”

“मोजलीत ना?”

“दोनदा.”

(सूचना. वार्नाला जाणारं विमान धुक्यामुळे थांबवण्यात आलं आहे. पुढची माहिती अर्ध्या तासाने.)

काचेबाहेर काहीच नव्हतं. विमानं नाहीत, धावपट्टी नाही. व्हितोशा डोंगरसुद्धा कुणीतरी रातोरात उचलून नेल्यासारखा.

डोन्काला धुक्याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग बरणीचा होता. लेकीसाठी तिने लाल मिरच्या भाजून, सोलून, घोटून ल्युतेनित्सा केली होती. तपासणीतल्या माणसाने बरणी काढून बाजूला ठेवली. पातळ पदार्थ चालत नाही म्हणाला.

“पातळ,” ती झेल्योला तिसऱ्यांदा सांगत होती. “माझी ल्युतेनित्सा. चमचा उभा राहतो तिच्यात.”

झेल्योने मान हलवली. त्याचं लक्ष हातातल्या फोनकडे होतं.

“तुम्हाला कसली एवढी घाई?”

“दुपारी वेसेलाला आत घेणार आहेत. हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी एकदा ये म्हणून तिने मेव्हणीजवळ निरोप दिला.”

“वेसेला कोण?”

“बायको. म्हणजे, कागदावर अजून आहे. मी इथे, ती वार्नाला.”

“आणि फुलं?”

“पहिल्यांदाच नेतोय.”

“वा. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत थांबलात म्हणजे.”

“ती पण हेच म्हणेल,” झेल्यो म्हणाला. “अगदी ह्याच आवाजात.”

(सूचना. वार्ना. धुकं. अर्धा तास.)

तो उठला. फुलं काखेत घेतली, पिशवी उचलली.

“बसने जातो. आत्ता निघालो तर दुपारपर्यंत पोचेन.”

डोन्काने त्याची बाही धरली. “बसा हो खाली. अख्खा देश ओलांडणार का बसने? जन्म गेला माझा सोफियात. हे धुकं मला विचारा. ऊन वर आलं की कॉफी संपायच्या आत विरतं.”

“नक्की?”

“नक्की. बसा.”

तो बसला.

(सूचना. तीच.)

कानात गाणी कोंबलेला एक तरुण चाकांची बॅग ओढत त्यांच्या पायांवरून गेला. बॅगेचा कोपरा गुच्छाला लागला. एका जरबेराची मान मोडून खाली लोंबली.

“डोळे आहेत की बटणं?” डोन्का ओरडली. तरुण पुढे निघून गेला होता.

झेल्यो त्या फुलाकडे बघत राहिला. “सहा,” तो पुटपुटला. “सहा घेऊन कसा जाऊ तिच्यासमोर?”

“रडू नका. द्या इकडे.” डोन्काने अंबाड्यातली पिन काढली, मोडक्या देठाला आधारासारखी लावली, वरून जावयासाठी नेत असलेल्या भेटवस्तूची रिबीन सोडून घट्ट गुंडाळली. जरबेराने मान वर केली. “घ्या. सात. पिन मात्र परत हवी. माझ्या आईची आहे.”

“वार्नाला उतरलो की देतो,” झेल्यो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा तो हसला.

(सूचना. वार्ना. अर्धा तास. अर्धा.)

कॉफी संपली. दुसरी आणली, तीही संपली. धुकं तिथेच. काउंटरवरच्या मुलीला डोन्का तीनदा झापून आली. “ताई, धुकं मी सोडलेलं नाही,” ती मुलगी शेवटी म्हणाली. समोरच्या रांगेत कुणी घोरत होतं. झेल्यो दर थोड्या वेळाने काचेपाशी जाई, बाहेर बघे, परत येई. त्याची ही ये-जा डोन्काला जास्तच टोचत होती.

“असं तोंड करून बसू नका,” ती म्हणाली. “मोठे डॉक्टर कधी वेळेवर येतात का? ऑपरेशन लांबेल बघा.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठून काचेपाशी गेला. तिकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. फोन खिशात गेल्यावरही तिथेच उभा होता.

परत आला तेव्हा डोन्काने डबा उघडला होता. बानित्साचा तुकडा तिने त्याच्या हातावर ठेवला. “खा. आतलं चीज गावचं आहे. काय म्हणाली मेव्हणी?”

“सावकाश ये म्हणाली. आता थांबतील.”

“बघा. सांगत नव्हते? लांबलं की नाही?”

झेल्यो बानित्सा हातात धरून बसला. तुपाचा डाग त्याच्या पॅन्टवर पसरत गेला, ते त्याला दिसलं नाही. माणसाचा जीव भांड्यात पडला की भूकच मरते, असं डोन्काला वाटलं. तिने त्याच्या वाटचा तुकडा परत डब्यात ठेवला. तिचाही राग थोडा उतरला होता.

(सूचना. वार्नाच्या प्रवाशांनी दारापाशी यावं.)

लोक धडपडत उठले. बाहेर विमानाची शेपटी दिसू लागली, मग पंख, मग डोंगराची कड.

“काय म्हटलं होतं मी?” रांगेत शिरता शिरता डोन्का म्हणाली. “बसमध्ये हाडं मोडून घेतली असतीत. माझं ऐकलंत म्हणून बरं.”

झेल्यो तिच्या पुढे उभा होता. तो वळला. गुच्छातलं पिन लावलेलं फूल त्याने हळूच ओढून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“तुमची पिन.”

“अहो, आत्ताच कशाला? आणि फुलासकट काय देताय? परत खोचा ते. तुम्हाला मग उरतील...”

झेल्यो पुढे सरकला होता. तिकीट दाखवायला त्याने गुच्छ दुसऱ्या हातात घेतला.

डोन्काने त्यातली फुलं मोजली. दोनदा.