अधिक एक

"यंदा सगळ्यांच्या पायांत शिसं भरलंय की काय?" हाकॉन पुटपुटला. त्याचं पुटपुटणं धक्क्यावरच्या बोटींपर्यंत ऐकू जाई, मग टेबलाशी बसलेल्या सिग्नेला कसं चुकणार?

टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला होता. त्याची सारखी वर उठणारी कड दाबून धरायला धुरावलेल्या सॅल्मनची बशी ठेवली होती. उद्या निघायचं होतं. पहिल्या दिवशी भूशिराच्या कडेकडेने गळ ओढत सॅल्मन, दुसऱ्या दिवशी खोल पाण्यात हालिबट, म्हणजे तळाशी राहणारे जडशीळ मासे, मुक्काम बेटावरच्या लाकडी खोपटात. बाहेरची माणसं अशा सफरीला वाटाड्या घेतात. या घरात 'वाटाड्या' म्हटलं तरी हाकॉन शिवी ऐकल्यासारखा बघे. चाळीस वर्षं बेत त्याचा, सुकाणू त्याचं.

"साडेपाचला दोर सोडायचा," तो म्हणाला. "सहा-दहाला म्हातारीच्या दातांवरून पार."

म्हातारीचे दात म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेले खडक. ओहोटी संपल्यावर दोन तासांनी ते पुरते बुडतात. त्याआधी गेलात तर वरून दिसत नाहीत आणि खालून सोडत नाहीत.

सिग्नेची नजर बाबांच्या, हाकॉनच्या, हातातल्या भरती-ओहोटीच्या पुस्तकावर होती. मार्चमध्ये एका रविवारी सगळं गाव उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतं. पुस्तक मात्र आपल्या जुन्या वेळेला चिकटून बसतं. म्हणून त्या रविवारी बाबा लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि उन्हाळ्याच्या पानापानावर 'अधिक एक' लिहायचे. शाळेत बेरीज शिकायच्या आधी सिग्ने ती लाल खूण वाचायला शिकली होती.

यंदा पानं कोरी होती.

एप्रिलमध्येच तिला ते दिसलं होतं. तेव्हापासून ती मूग गिळून बसली होती. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात चाळीस जणांवर आवाज चढवणारी बाई, पण बाबांपुढे काही जीभ उचलेना. आज पेन्सिल विसरली म्हणायचं, तर उद्या बोटीची किल्ली मागावी लागेल. आणि बोट काढून घेतल्यावर या माणसाचं उरणार काय? खुर्ची आणि खिडकी. त्यापेक्षा तिने एक साधी युक्ती काढली होती.

"बाबा, साडेसहाला निघू या ना," ती म्हणाली. "सकाळी हेरिंगचं आमिष घ्यायचंय. दुकान लवकर उघडत नाही."

"आमिष कालच आणलंय. फ्रीजमध्ये बघ, लोण्याच्या शेजारी."

"ते माझ्या लोण्याशेजारी का?" चुलीपाशी बटाट्याच्या पोळ्या भाजणारी तिची आई थोरा ओरडली. मग जरा थांबून म्हणाली, "पण हाकॉन, साडेसहाच बरं. पोळ्या सकाळी ताज्या भाजून देईन म्हणते."

"आत्ता भाजतेयस त्या काय शेजाऱ्यांना?"

थोराने पोळी उलटली. ती अजून एका बाजूनेही भाजली नव्हती.

तेवढ्यात कार्स्टेन, सिग्नेचा धाकटा भाऊ, काळ्या हातांनी आत आला. "बाबा, डिझेलचा फिल्टर सकाळी बदलतो. तासभर लागेल. साडेसहाला निघू."

"तुला ही अक्कल आज दुपारी का नाही सुचली? तासभर! आमिषाला तासभर, पोळ्यांना तासभर, फिल्टरला तासभर!"

सिग्नेने आईकडे पाहिलं. आईने कार्स्टेनकडे. कार्स्टेनने आपल्या बुटांकडे. प्रत्येकाला नेमका एकच तास हवा होता. कुणाला सव्वा नको, कुणाला पाऊण नको.

म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं. आईला तर त्या मार्चच्या रविवारपासूनच असणार.

पोळी करपल्याचा वास सुटला, तरी कुणी हललं नाही.

सिग्नेला वाटलं, हेही साल रेटता येईल. फिल्टर आहे, पोळ्या आहेत. पण दुसऱ्या दिवशीच्या बेताचं काय? तिसऱ्या दिवशी परतताना? समुद्रात किती वेळा पोळ्या भाजणार?

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "तुमचा हिशेब चुकलाय. सहा-दहाला दात बुडालेले नसतील. तुम्ही यंदा तास मिळवलेला नाही. एकाही पानावर."

थोराने डोळे मिटले. कार्स्टेनने चिंधीला हात पुसायला घेतले, आधीच पुसलेले.

हाकॉनने पुस्तक जवळ ओढलं. जूनचं पान उघडलं, मग मेचं, मग एप्रिलचं. मग त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि लाल पेन्सिल काढून नकाशावर ठेवली. तिचं टोक नीट तासलेलं होतं.

"मार्चपासून खिशात आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी सदरा बदलला की आठवणीने या खिशातून त्या खिशात. कशासाठी, तेच आठवेना. आणि विचारणार कुणाला? वसंतापासून या घरात माझ्याशी कुणी भांडतच नाही. मी काहीही बोललो तरी आपलं 'हो बाबा, हो हाकॉन'. म्हटलं, आपलं काहीतरी फारच बिनसलेलं दिसतंय."

"हाकॉन..." थोरा म्हणाली.

"तू पोळीकडे बघ, कोळसा झालाय तिचा." त्याने पुस्तक सिग्नेपुढे सरकवलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "लिही. सगळ्या पानांवर. आणि उद्या सुकाणू तुझ्याकडे."

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी विसरायला लागलोय, पोरी," हाकॉन म्हणाला आणि बाह्या वर सारल्या. "पण हालिबट वर ओढायला दंडात जोर लागतो, आठवण नाही."