थरांखालचं रडू

रॅप गाण्यातल्या दोन सेकंदांच्या तुकड्याचा माग काढत गाणी ओळखणारं यंत्र 'सोल' या अमेरिकन धाटणीच्या एका विसरलेल्या रेकॉर्डपर्यंत पोहोचलं, म्हणून केतकी तो तुकडा वापरायची परवानगी घ्यायला त्या रेकॉर्डच्या गायिकेकडे, ऐंशी वर्षांच्या रूथ साळवींकडे आली.

"मावशी, यंत्र गाण्याचा एकेक थर वेगळा करतं. हा ड्रम, हा ऑर्गन, हा तुमचा आवाज. मागची किरकिर मी पुसून टाकते."

"पुसू नकोस गं!" मावशींनी तिचा हात धरला. "माझं बाळ आहे ते. सांभाळायला कुणी नव्हतं, कडेवर घेऊनच गायले. महिन्याभरात तापाने गेलं. साधा फोटोही नाही."

"मग काय ठेवू?"

"माझा आवाज पुसून टाक."

केतकीने एकेक थर काढला. दोन सेकंदांचं रडू खोलीत उमटलं आणि मावशींची मांडी आपोआप हलू लागली.