नळीतली घुम

या, असे जवळ सरका. एका थकल्या जिवाची गोष्ट ऐका.

बाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. नवऱ्याची वाचा गेलेली, तो इस्पितळात. त्याचा एक शब्द ऐकायला त्यांचे कान आसुसले होते.

"बाई, घरी जा हो. डोळे पार खोल गेलेत," प्रयोगशाळेत डोकावत शिपाईमामा म्हणाले.

"एवढी तरंगलांबी काढते नि जाते, मामा. तिकडे तरी कोण बोलतंय माझ्याशी?"

त्यांनी नादकाटा ठोकून पाणी भरलेल्या उभ्या काचेच्या नळीच्या तोंडाशी धरला आणि नळीतलं पाणी हळूहळू उतरवलं. एका जागी आवाज घुमला. पाण्यावरच्या हवेची उंची मोजायची, तिची चौपट केली की झाली तरंगलांबी. बाईंनी काटा मुठीत गप्प करून टेबलावर ठेवला.

नळी घुमतच राहिली.

"काटा ठेवा की खाली!" मामा हसले.

काटा टेबलावरच होता. बाईंनी पाणी आणखी उतरवलं, तशी घुम खर्जात गेली. सवयीने त्यांनी चौपट केली. पावणेतीन मीटर. इतकी लांब लाट पुरुषाच्या आवाजाची.

मामांचं हसू मावळलं. बाईंनी नळीच्या तोंडावर तळहात दाबला. हाताला ऊन श्वास लागला. मग तो आत ओढला गेला, आणि परत आलाच नाही.

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मुक्या माणसाची आठवण असू द्या.